चार चांगले दात

(गेल्या गणेशोत्सवात इंदूरच्या आपल्या मंडळात झालेल्या भाषणाचा मजकूर)



एकदंताच्या मांडवात दातांवर बोलायला आम्हां दोघांना उभं केलं आहे, यात कार्यकारिणीचा काही खट्याळ हेतू असावा. बाप्पांचा दात परशुरामानं मोडला, की महाभारत लिहिण्यासाठी त्यांनीच मोडून घेतला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. दोन्ही कथांत दात मात्र चांगला होता, किडलेला नव्हता. आमचा आजचा विषय तोच आहे: चांगला, कायमचा दात काढायचा का?

आम्ही दोघंही दातांचे डॉक्टर. दाढा भरतो, रूट कॅनॉल करतो, कवळ्या बसवतो. तारा आम्ही लावत नाही. त्यासाठी बीडीएसनंतर तीन वर्षांचं वेगळं शिक्षण असतं. तारांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पालक येतात आणि त्यावर लिहिलेले दात आम्ही काढून देतो. पालक विचारतात, "न काढता नाही का होणार?" हा प्रश्न आम्ही शंभरदा तरी ऐकला असेल, आणि दरवेळी शांतपणे समजावलं. मग एके दिवशी ती चिठ्ठी आमच्या साडेबारा वर्षांच्या मुलीच्या नावानं आली, आणि तोच प्रश्न आमच्या तोंडून निघाला. निर्णय घ्यायला आम्हांला सहा महिने लागले.

तिचे वरचे सुळे बाहेर आले होते. खालचे पुढचे दात रविवारी रात्री सराफ्यात माणसं उभी असतात तसे एकमेकांच्या खांद्यावर. ओठ मिटायचे तर हनुवटीला सुरकुती पडायची. ठसे घेतले, एक्स-रे काढले, मापं झाली. खाली ९ मिलिमीटर जागा कमी पडत होती, आणि वरचे दात पुढे होते ते वेगळंच.

आता थोडा हिशोब. सुळ्याच्या मागे दोन छोट्या दाढा असतात, त्यांना आम्ही उपदाढा म्हणतो. त्यातली पहिली साधारण ७ मिलिमीटर रुंद असते. दोन्ही बाजूंच्या काढल्या की १४ मिलिमीटर जागा होते. ती सगळी पुढच्या दातांना मिळत नाही, कारण मागच्या दाढाही थोड्या पुढे सरकतात. नेमकी हीच का काढायची, तर ती गर्दीच्या जवळ असते आणि तिचं काम मागची जुळी बहीण सांभाळते. दात हाडातून महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. म्हणजे फट मिटायलाच कित्येक महिने. पुढे हाड विरघळतं, मागे नवं तयार होतं.

जबडा रुंद करता येत नाही का? वरचा काही प्रमाणात येतो. टाळूच्या मधोमध सांधा असतो आणि वाढत्या वयात तो उघडतो. खालच्या जबड्याचा तसा सांधा जन्मानंतर वर्षभरातच जुळून जातो. तिथे दात नुसते बाहेर ढकलले, तर मुळं हाडाच्या कडेशी येतात आणि हिरडी उतरते. गर्दी ३-४ मिलिमीटरची असेल तर दातांच्या कडा किंचित घासून भागतं, दात काढायची गरज नसते. म्हणून शेजारणीच्या मुलाचे काढले नाहीत, मग आमच्या मुलीचेच का, हा हिशोब लागू पडत नाही.

हा वाद आपल्या घरापुरता नाही, शंभर वर्षांहून जुना आहे. या शास्त्राचे जनक मानले जाणारे अमेरिकेतले एडवर्ड अँगल म्हणायचे की एकही दात काढू नये, निसर्गानं दिलेले सगळे दात नीट बसले की चेहरा आपोआप सुंदर होतो. काही रुग्णांत काढावेच लागतात, असं कॅल्व्हिन केस यांनी १९११ मध्ये भर सभेत मांडलं आणि मोठी खडाजंगी झाली. पुढे अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी गुरूच्या पद्धतीनं वर्षानुवर्षं काम केलं. मग स्वतःचेच रुग्ण परत तपासले. कित्येकांचे दात पुन्हा वाकडे झाले होते, तोंडं पुढे आली होती. त्यांनी त्यातल्या अनेकांच्या चार उपदाढा काढून, पैसे न घेता, उपचार पुन्हा केले. १९४० मध्ये असे शंभर रुग्ण त्यांनी जगापुढे ठेवले. (गुरूची चूक सापडणं एक वेळ सोपं. स्वतःच्या रुग्णाला परत बोलावणं फार कठीण.) त्यानंतर लंबक इतका दुसऱ्या टोकाला गेला की १९६० च्या दशकात सरसकट दात निघू लागले. आता तो पुष्कळसा परत आला आहे.

आईंचा, म्हणजे मुलीच्या आजीचा, कडाडून विरोध होता. "वरचा दात काढला की नजर जाते" हे त्यांचं पहिलं अस्त्र. तसं होत नाही. दाताच्या आणि डोळ्याच्या नसा वेगळ्या आहेत. पण त्यांचं दुसरं वाक्य आम्ही टाळू शकलो नाही: "गाल बसतील, पोर म्हातारी दिसेल." ओठ मुळातच सपाट असतील आणि दात जास्त मागे ओढले, तर चेहरा खरोखर चपटा दिसतो. म्हणून आधी बाजूनं चेहरा बघायचा, मग दात. आमच्या मुलीचे ओठ पुढे होते, तिला ते सोसणारं होतं. दुसरे धोकेही खरे आहेत. मुळांची टोकं झिजतात, फट पुन्हा किंचित उघडते, ब्रश नीट केला नाही तर दातांवर पांढरे डाग राहतात.

उलट बाजूही पाहिली. आमच्या एका भाचीला दुसऱ्या शहरात "एकही दात न काढता" असं सांगून उपचार सुरू झाले. दोन वर्षांनी दात सरळ होते, पण ओठ मिटत नव्हते. शेवटी चार दाढा काढून सगळं पहिल्यापासून.

आणि एक आमची चूक, जी सांगायला आम्ही आज उभे आहोत. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलाच्या चार उपदाढा आम्ही चिठ्ठी बघून काढल्या. पुढे वडिलांची नोकरी गेली, तारा लागल्याच नाहीत. तो मुलगा मोठा होऊन परत आला तेव्हा फटी अर्ध्याच भरल्या होत्या, दात फटींकडे कलले होते. पैशांची सोय आहे का, हे आम्ही विचारलंच नव्हतं. तेव्हापासून तारा बसवण्याची तारीख ठरल्याशिवाय आमच्याकडे दात निघत नाही, कुणी कितीही रागावलं तरी.

शेवटी मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही दोघं भांडा, तोवर मी काढून येते." दात आम्ही काढले नाहीत, हात थरथरले असते. एका मैत्रिणीनं दोन खेपांत काढले. आईंनी ते डबीत मागून घेतले. दुधाचे दात त्यांनीच कौलावर टाकले होते, उंदीरमामाला देऊन. या वेळी म्हणाल्या, "हे कुठे टाकू? बदल्यात नवे मागायची सोय नाही." डबी अजून त्यांच्या कपाटात आहे.

तारा अडीच वर्षं होत्या. पोह्यांवरची जाडी शेव बंद होती, भुट्ट्याचा कीस चालू होता. आता रात्री रिटेनर लावावा लागतो, आणि तो पुढची कित्येक वर्षं. सुरुवातीला तर दिवसभर होता. तेव्हाच्या महाप्रसादाला मोदक खाण्यासाठी तिनं तो काढून कागदी रुमालात गुंडाळून पानाशेजारी ठेवला. पंगत उठली आणि रुमाल पत्रावळीबरोबर गेला. रात्री साडेदहाला उष्ट्या पत्रावळींचा ढीग उपसून तो शोधून देणारे दोन कार्यकर्ते इथे मागे उभे आहेत. त्यांचे जाहीर आभार मानायचे राहिले होते.