गायरानाला विसावा हवा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विषय निघाला होता, की आपले गायरान उजाड झाले, मेंढ्यांनी काडी ठेवली नाही, तेव्हा धनगरांना बंदी करावी. तसा अर्जही तयार आहे म्हणतात. सही करण्यापूर्वी माझे थोडे ऐकावे.

मेंढी जमिनीलगत कुरतडते हे खरे. गाय जिभेने घास वेटाळून ओढते, तिला इतके खाली जाता येत नाही. पण गवत पहिल्या घासाने मरत नाही. मुळाशी साठविलेल्या शिदोरीवर ते पुन्हा पाती काढते. ती कोवळी पाती लगेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तुटली, म्हणजे शिदोरी सरते. बाळंतिणीला दहाव्या दिवशी जात्यावर बसवावे, तसेच हे! नॉर्मंडीतील आंद्रे व्वाझँ या शेतकरी-शास्त्रज्ञाने १९५७ च्या आपल्या ग्रंथात हेच मांडले. जनावरे किती, यापेक्षा ती किती दिवस राहिली व किती दिवसांनी परतली, हे त्याने महत्त्वाचे मानले. त्याचे प्रयोग गाईंवरचे. तत्त्व मेंढीलाही लागू पडते.

धनगराच्या हिंडण्यात हा विसावा आपोआप होता. फलटण, माणकडचे हाटकर धनगर दिवाळीच्या सुमारास घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणाकडे निघत, ते पावसाच्या तोंडी परतत. शेतात वाघर लावायची, चार रात्री मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताबद्दल धान्य घ्यायचे, की पुढचा मुक्काम. आजही कित्येक कळप असे जातात. पण वाटेवर ऊस आला, घरे आली, कुंपणे आली. मग कळप एकाच रानात अडकतो. तळ उठविणे, घोडे लादणे, कोकरे सांभाळणे, भाकरी भाजणे हे सारे वाड्यावरच्या बाईकडे असते. बंदी केली तर आधी तिची चूल विझेल.

माझे म्हणणे असे, की पावसाळ्यापुरते गायरानाचे आठ वाटे पाडावे. कुंपण नको, चुना फासलेले दगड पुरेत. गवत वीतभर झाल्याखेरीज कळप आत घालू नये. एका वाट्यात पाच दिवस, मग पुढचा. म्हणजे पहिल्याची पाळी पस्तीस दिवसांनी येते. चार बोटे गवत उरले, की पाच दिवस झाले नसले तरी उठावे. कुसळी गवत कोवळे असतानाच चारावे. कुसळे धरल्यावर ती लोकरीतून कातड्यात शिरतात. दरवर्षी एक वाटा बी झडेपर्यंत राखावा. त्या वर्षी फेरा साताचा होईल, पण मारवेल, पवन्या परततील.

यात मेंढ्यांचाही लाभ आहे. लेंडीतून पडलेल्या जंतांच्या अंड्यांपासून दमट उन्हाळी हवेत चार-सात दिवसांत बाधक अळ्या तयार होतात व गवतावर चढतात. कळप तोवर पुढे गेला असला, तर बाधा पुष्कळ कमी होते. पापण्या पांढऱ्या पडून जबड्याखाली पाणी उतरलेली मेंढी आपण पाहिली असेलच. अर्थात कळप गायरानाला झेपेल इतकाच असावा. त्याबाहेर गेला, तर वाटे पाडूनही भागणार नाही.

वाड्यावरच्या दोघीजणी मागे बसल्या आहेत. दगड कोठे रोवायचे, हे आपल्यापेक्षा त्यांना चांगले कळते. अर्जाचा कागद मी कोरा आणला आहे. त्यांना पुढे बोलवावे आणि मग तो लिहावा.