नियमांच्या कागदावर सही करण्याआधी

जून आला की घराघरांत दप्तरं, वह्या, गणवेश यांची गडबड सुरू होते. त्याच गडबडीत मूल शाळेतून एक कागद आणतं. वर लिहिलेलं असतं, ‘शाळेचे नियम’. खाली पालकांची सही हवी असते. गॅसवर भाजी असते, रिक्षा दारात उभी असते. आपण कागद न वाचताच सही करून देतो. आज मला त्या कागदाबद्दल बोलायचं आहे.

मी बरीच वर्षं शाळेत शिकवलं. नियम केले, ते पाळायलाही लावले. त्यातली एक गोष्ट सांगते. ती माझ्याच चुकीची आहे.

सातवीत एक मुलगी होती. रोज परिपाठ संपल्यावर यायची. आमचा नियम होता, उशिरा येईल त्याने पहिला तास वर्गाबाहेर उभं राहायचं. पहिला तास माझाच, गणिताचा. आत मी अपूर्णांक शिकवत होते आणि ती व्हरांड्यात उभी होती. पुढे चाचणीत तिला अपूर्णांकाचं एकही गणित आलं नाही. तेव्हाही मी तिलाच बोलले. मग ती शाळेत यायचीच थांबली.

मी तिच्या घरी गेले. टँकर सकाळी यायचा. आई त्याआधीच मजुरीला जायची. पाणी भरायचं, धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडायचं आणि मग शाळा गाठायची, असं त्या पोरीचं वेळापत्रक होतं. तिची आई म्हणाली, “बाई, तिकडं भाईरच उभं ऱ्हायचं, तर घरी चार हंडे पाणी तरी हुतंय.”

यावर मला बोलता आलं नाही. उशीर होऊ नये म्हणून आम्ही नियम केला होता. त्याने उशीर तर थांबला नाहीच, मुलगी मात्र शाळेतून गेली.

नियम नकोत, असं मी म्हणत नाही. भरलेला वर्ग नियमांशिवाय चालत नाही. एक मूल दुसऱ्याला मारत असेल, चिडवत असेल, तर त्याला थांबवावंच लागतं. ज्याला मार बसतो, त्या मुलासाठीही नियम हवा. पण चूक सुधारणं वेगळं आणि शिक्षा करून मोकळं होणं वेगळं. भिंतीवर रेघोट्या मारल्या, तर ती भिंत पुसायला लावा, मुलाला कळतं. त्यासाठी चारचौघांत कान पिरगळले, तर त्याला फक्त अपमान आठवतो.

आता कायद्याचं बोलू. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याचं कलम १७ सांगतं, मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक छळही करायचा नाही. असं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. म्हणून कोणी म्हणालं, ‘उद्या दाखला घेऊन जा,’ तर घाबरून दाखला हातात घेऊ नका. आधी मुख्याध्यापकांना भेटा, कारण विचारा. तिथे ऐकलं नाही, तर ग्रामीण भागात जिल्हा परिषदेकडे, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेकडे लेखी तक्रार करता येते. अर्जाची एक प्रत पोच घेऊन आपल्याजवळ ठेवा.

मुलांनाही एक नंबर पाठ करायला लावा, १०९८. ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे.

आणि तो नियमांचा कागद आला की सहीच्या आधी तीन प्रश्न विचारा. हा नियम कशासाठी आहे? मोडला तर शाळा नेमकं काय करणार? आणि मुलाला आपली बाजू सांगायची असेल, तर ते कोणाला सांगेल? या तिन्हींची उत्तरं मिळाली, तर खुशाल सही करा, आणि मग घरीही तो नियम पाळायला मदत करा.

आपलंही थोडं चुकतं हं. ‘सर, मारा हवं तर, पण याला सरळ करा,’ असं शाळेत जाऊन सांगणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या. घरी आल्यावर मूल म्हणतं, ‘बाईंनी मारलं,’ आणि आपण लगेच म्हणतो, ‘तूच काहीतरी केलं असशील.’ मग पुढच्या वेळी ते सांगतच नाही. आधी ऐकून घ्या. चूक त्याची असेल, तर तेही ऐकताना कळतं.

आणखी एक. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. म्हणजे आपल्यासाठी तिथे खुर्ची राखलेली आहे. नुसतं नाव लावून घरी बसू नका. बैठकीला जा. टँकरची वेळ, एसटीची वेळ, घरचं काम, हे सगळं शिक्षकांना आपण सांगितल्याशिवाय कसं कळणार?

आमच्या त्या मुलीचं काय झालं? आम्ही नियम बदलला. उशीर झाला तरी थेट वर्गात बसायचं, आणि उशिराचं कारण पालकांशी बोलायचं. शेजारच्या काकूंनी भावाला अंगणवाडीत सोडायचं कबूल केलं. मुलगी परत आली. अपूर्णांक मी तिला मधल्या सुट्टीत पुन्हा शिकवले. ते माझ्यावरचं देणंच होतं.

तेव्हा ताईंनो, यंदा तो कागद आला की भाजीचा गॅस दोन मिनिटं बारीक करा, कागद वाचा, आणि मगच सही करा.