पाळी जाताना सांधे का धरतात?

मैत्रिणींनो, पंचेचाळिशी उलटली की सकाळी उठताना गुडघे, खांदे धरलेले असतात. आपण म्हणतो, "एसी बाधला, वय झालं!" पण पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी होतं, त्याचा परिणाम सांधे-स्नायूंवरही होतो. २०२४ साली डॉ. वोंडा राइट यांनी या दुखण्यांना एकत्रित वैद्यकीय नावही सुचवलं. म्हणजे हे मनाचे खेळ नव्हेत.

कुवेतमध्ये सूर्य आग ओकतो (२०१६ मध्ये मित्रिबाला ५३.९ अंश!), पण आपण घर, गाडी, मॉल यांतच. म्हणून 'ड' जीवनसत्त्व तपासून घ्या. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

दुखतं म्हणून बसून राहू नका, हे मी फिजिओथेरपिस्ट म्हणून रोज सांगते. उन्हाळ्यात मॉलमध्ये चाला, थंडीत गल्फ रोडवर. पण नुसतं चालणं पुरत नाही हं! खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठा-बसा, पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर-खाली करा. आखडलेल्या मानेला गरम शेक द्या.

सांधा सुजला, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकला, तर संधिवाताची तपासणी हवी. आणि ब्लाउजचे हुक लावायला हात मागे जाईना, तर पुढच्या सुट्टीत भारतात दाखवू म्हणून थांबू नका. खांदा तोवर पुरता आखडतो.