बिडाचा रंधा आणि खारा वारा

फणसाच्या फळीवर ज्याने रंधा मारला असेल, त्याला तिचा खट्याळपणा ठाऊक असतो. वीतभर अंतर रंधा लोण्यातून जावा तसा जातो आणि पुढच्याच क्षणी ढलपी उचकटते. फणसाचे तंतू उलटसुलट विणलेले, त्याला रंधा तरी काय करणार! सागाचे दुखणे वेगळे. त्याच्या अंगात वाळूचा, म्हणजे सिलिकेचा अंश असतो आणि तो पात्याची धार लवकर खातो. रत्नागिरीतला हौशी सुतार मात्र पहिला प्रश्न करतो तो कंपनीचा: कोणता घ्यावा?

जुना रंधा लाकडीच. पाते पाचरीने आवळलेले. पुढे काढायचे तर पात्याच्या डोक्यावर हलकी टकटक, मागे घ्यायचे तर रंध्याच्या मागच्या टोकावर ठोका. ही कला हातात बसायला वर्षे लागत. अमेरिकेतल्या लिओनार्ड बेलीने पितळी चाकी फिरवून पाते मागेपुढे करण्याची सोय केली आणि 1869 मध्ये स्टॅनले कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला. शेफील्डचा रेकॉर्ड घ्या की पंजाबातला अनंत, बांधा बेलीचाच. आकड्यांची भाषाही तिथलीच: 4 नंबर सफाईचा, 5 नंबर 14 इंची सर्वकामी, 7 नंबर लांब फळ्यांच्या कडा सरळ करणारा, 22 इंची.

पहिलाच घ्यायचा तर 5 नंबर.

दुकानात रंगाची चकाकी पाहू नये, पट्टी मागावी. पोलादी पट्टी तळावर उभी धरून उजेडाकडे पाहिले की खळगा लपत नाही. तळाची पुढची, मागची टोके आणि तोंडाची कड एका पातळीत हवीत. मध्ये कुठे किंचित खोल असले तर चालते. मग पाते काढून त्याखालची उतरती बैठक तपासावी. ती ओबडधोबड असेल, तर पाते कामात थरथरते आणि लाकडावर लाटा उमटतात. पात्यावरची लोखंडी टोपी धारेजवळ पात्याला बिनफटीची टेकली पाहिजे. ही टोपी धारेच्या अगदी जवळ आणली, की फणसासारखे उलटे तंतूही उचकटत नाहीत. कावाई आणि काटो या जपानी प्राध्यापकांनी ते चित्रफितीत दाखवले आहे. आपल्याकडे मात्र बहुतेकांची टोपी धारेपासून दोन-तीन मिलिमीटर मागेच बसलेली.

रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस, वर समुद्राचा खारा वारा. लाकडी रंध्याचा तळ आषाढात फुगून वाकडा होतो. बिडाच्या रंध्याला एका रात्रीत तांबूस ठिपके पडतात. काम संपले की तेलाचा बोळा फिरवायचा, एवढे कष्ट घेतले तर बीड बरे.

भंगारात मिळालेल्या जुन्या रंध्याच्या वरवरच्या गंजाला भिऊ नये, तो घासून निघतो. बीड ठिसूळ, हातून पडले की तडकते, आणि तडा बहुतेकदा तोंडाच्या कोपऱ्यात दडलेला असतो. बाजारात मडके वाजवून घेतात, तसे पाते काढून नुसते धूड बोटाने वाजवावे. बद्द आवाज आला तर पुन्हा पाटीत ठेवावे.