बोटीचं इंजिन सुरू होईना? आधी ठिणगी बघा

मी विंचूरहून बोलतोय. आपल्या निफाड तालुक्यात सायखेडा-चांदोरीला २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचा पूर आला होता. अशा वेळी बचावाच्या बोटीचं इंजिन अडून चालत नाही. म्हणून आजची तपासणी पावसाळ्याआधीच करा.

नुसती दोरी ओढत बसू नका. गिअर न्यूट्रलला आहे ना? किल-स्विचची क्लिप जागेवर आहे ना? ती निघाली की ठिणगीच बंद होते.

मग प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, संशय ठिणगीवर. काजळी असेल तर साफ करा.

आता सांडलेलं पेट्रोल पुसा. प्लग टोपीत बसवा, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. रबरी पकडीची पक्कड वापरा, नाहीतर झटका बसेल. दोरी ओढा.

निळी, कडक ठिणगी आली, तर आता कार्बोरेटर बघा. नाही आली, तर आधी नवा प्लग लावा, मग टोपी आणि वायर तपासा. तरीही नाही, तर कॉइल किंवा सीडीआय. ते मेकॅनिकचं काम.

आणि हो, एक नवा प्लग आणि पाना बोटीतच ठेवा. पुरात दुकान उघडं नसतं. भेटू पुढच्या भागात!