कर्करोग आणि मनोधैर्य

(वार्षिक संमेलनातील भाषण)



संमेलनाच्या आनंदसोहळ्यात कर्करोगाचा विषय काढणे काहींना औचित्यास सोडून वाटेल. परंतु या रोगाची झळ न लागलेले कुटुंब आपल्यात क्वचितच असेल. आणि तरीही आपण त्याचे नाव मोठ्याने घेत नाही.

माझ्या थोरल्या वहिनींना हा रोग झाला, तेव्हा आम्ही तो त्यांच्यापासून लपविला. विश्रांतीच्या नावाखाली कपाटाच्या किल्ल्याही काढून घेतल्या. दोन महिन्यांनी त्या म्हणाल्या, "भाऊजी, घरात सर्वांना ठाऊक आहे; मग मीच एकटी परकी का?" सत्य कळल्यावर त्या पुष्कळ रडल्या, पण तिसऱ्या दिवशी त्यांनी किल्ल्या परत मागून घेतल्या.

धैर्य ते हेच. अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ साली उदरावरणाचा दुर्धर कर्करोग झाला. निम्मे रोगी आठ महिन्यांच्या आत दगावतात, असे त्यांच्या वाचनात आले. त्यांनी विचार केला, उरलेले निम्मे त्यापुढेही जगतात, काही तर कितीतरी वर्षे! उपचार घेत ते पुढे वीस वर्षे लिहीत राहिले.

मात्र मन खंबीर असले की रोग हटतोच, असे मानू नये. समूहात बसून मन मोकळे करणाऱ्या स्तनकर्करोगी स्त्रिया अधिक जगतात, असे १९८९ सालच्या एका अभ्यासात दिसले होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या २३५ स्त्रियांच्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. मनाचा क्लेश व वेदनेची जाणीव मात्र कमी झाली. तेव्हा रोग बळावल्यास 'तूच धीर सोडलास' असे रोग्यास म्हणणे हा घोर अन्याय होय. धैर्य हे औषधाच्या जागी नव्हे, औषधाच्या जोडीला हवे.

आपले कर्तव्य साधे आहे. हा रोग स्पर्शाने जडत नाही; रोग्याचे ताट-तांब्या वेगळे काढू नका. आईच्या आजारापायी मुलीचे जमलेले लग्न मोडू नका. परळच्या टाटा रुग्णालयात १९४१ पासून दूरदूरचे रोगी येत आहेत. त्यांत आपला कोणी असेल, तर मुंबईकर सभासदांनी त्याला डबा पोचवावा, घटकाभर जवळ बसावे, आणि उपदेश न करता त्याचे ऐकावे.

वहिनी पुढे चार वर्षे होत्या. अखेरच्या आठवड्यात त्यांनी किल्ल्या स्वतःच्या हाताने सुनेच्या स्वाधीन केल्या. त्या कोणी काढून घेतल्या नाहीत, एवढेच समाधान आम्हांस उरले आहे.