कंपनी आपली, किल्ल्या कोणाच्या?

(मंडळाच्या सभेत व्यावसायिक सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर, थोड्या फेरफारांसह)



समोर बसलेल्यांपैकी निम्मे तरी इथे दोहात स्वतःचा छोटा-मोठा व्यवसाय करतात आणि उरलेले बहुतेक अशाच कंपन्यांत हिशेब, खरेदी नाहीतर प्रशासन सांभाळतात. मी दुसऱ्या गटातला. इंडस्ट्रियल एरियातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे हिशेब पाहतो. संगणकातला तज्ज्ञ मी नव्हे. तेव्हा आपल्या मंडळातल्या आय.टी.वाल्यांनी, माझं काही चुकलं तर चहाच्या वेळी खुशाल कान धरावा.

तुम्हाला एकच प्रश्न विचारतो. तुमच्या कंपनीचा ई-मेल ज्या नावाने चालतो, ते नाव, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावावर आहे? "आमच्याच की!" असं उत्तर लगेच येईल. व्हिजिटिंग कार्डावर तेच नाव आहे, गाडीच्या दारावर आहे, दुकानाच्या पाटीवर आहे. पण नोंदणी कोणाच्या नावावर आहे? ती चालू ठेवायचा पासवर्ड कोणाकडे आहे? आणि तो विसरला तर नवा पासवर्ड कोणाच्या मोबाईलवर येतो? या तिसऱ्या प्रश्नाचं जे उत्तर, तोच तुमच्या ई-मेलचा खरा मालक.

मी २०२३ मध्ये या कंपनीत रुजू झालो. आय.टी.चं सगळं काम कित्येक वर्षं बाहेरच्या एका फर्मकडे होतं. डोमेन, ई-मेल, सर्व्हर, राऊटर, कॅमेरे, अगदी टॅलीचं लायसन्ससुद्धा. आमचे मालक कोल्हापूरकडचे, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. दादांचा स्वभाव असा की एकदा विश्वास टाकला की टाकला. त्या काळी हे सोयीचंही होतं. माणूस बोलावला की येत होता, काम करून जात होता, बिल पाठवत होता.

मग बिलावरून वाजलं. दोन वर्षांच्या देखभालीचे काही हजार रियाल थकले आहेत असं त्या फर्मचं म्हणणं. निम्मं काम झालंच नाही असं दादांचं. फोनवर आवाज चढले. आणि एका गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे सुट्टीच्या तोंडावर, निरोप आला की पैसे आले नाहीत तर डोमेनचं नूतनीकरण आम्ही करणार नाही. मुदत संपायला पाच आठवडे होते.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल, ई-मेल चार दिवस बंद राहिला तर काय आभाळ कोसळणार आहे? आभाळच कोसळतं. २०१५ च्या कायद्यापासून इथे कामगारांचा पगार बँकेमार्फतच द्यावा लागतो आणि तो देय तारखेपासून सात दिवसांत खात्यावर जमा व्हावा लागतो. उशीर झाला की मंत्रालयाच्या यंत्रणेत दिसतो आणि कंपनीचे नवे व्हिसे अडतात. आमच्या पगाराची फाईल बँकेच्या पोर्टलवर चढवताना ओ.टी.पी. यायचा तो माझ्या कंपनीच्या ई-मेलवर. कराचं 'धरीबा' पोर्टल, सप्लायरच्या ऑर्डरी, टेंडरची पत्रं, सगळं त्याच पत्त्यावर नोंदलेलं. कॅम्पवर साठ-सत्तर माणसं. त्यांचे पैसे महिन्याच्या महिन्याला घरी जातात, त्यावर मुलांची फी भरली जाते. वाद दादांचा आणि त्या फर्मचा. पण दाराशी तंगणार होते ते हे लोक.

दादांचा पहिला विचार असा: "माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनियर आहे. त्याला सांगतो, तो फोडून आत शिरेल." मी हात जोडले. म्हटलं, "दादा, हे मनातसुद्धा आणू नका." कतारमध्ये २०१४ सालचा सायबर गुन्ह्यांचा कायदा आहे (त्या वर्षाचा क्रमांक १४). दुसऱ्याच्या खात्यात परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे. ज्या खात्यावर कागदोपत्री त्या फर्मचं नाव, त्यात आपण शिरलो तर चोर आपण ठरायचो. शिवाय असं केलं की समोरच्याला आयतं निमित्त मिळतं.

इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराच्या महापालिकेत टेरी चाइल्ड्स नावाचा नेटवर्क अभियंता होता. शहराचं सगळं नेटवर्क त्याने उभं केलेलं, आणि त्याचे पासवर्ड त्याच्या एकट्याकडे. २००८ च्या जुलैमध्ये वरिष्ठांनी ते मागितले तेव्हा त्याने दिले नाहीत. या लोकांच्या हाती दिलं तर ते वाट लावतील, असं त्याचं मत. अटक झाली, तुरुंगात गेला, तरी तोंड उघडेना. शेवटी महापौर गॅव्हिन न्यूसम स्वतः तुरुंगात त्याला भेटायला गेले, तेव्हा त्यांच्या हाती त्याने पासवर्ड दिले. २०१० मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. तो बाहेरचा कंत्राटदार नव्हता, पगारी नोकर होता. आणि गंमत म्हणजे त्या सगळ्या दिवसांत नेटवर्क व्यवस्थित चालू होतं! काही मोडलं नव्हतं. फक्त मालकाला त्यात बदल करता येत नव्हता. म्हणूनच हे दुखणं लवकर कळत नाही. दिवे लागलेले असतात, पंखे फिरत असतात. घर आपलं राहिलेलं नाही हे कुलूप बदलायची वेळ येते तेव्हा समजतं. आणि एवढं मोठं शहर, हाताशी पोलीस आणि वकील, त्यालाही शेवटी माणसाशी जाऊन बोलावंच लागलं.

आम्हीही तेच केलं. दादांना म्हटलं, पैशाचा वाद आणि किल्ल्यांचा वाद वेगळा करू. ज्या बिलांबद्दल दुमत नाही ती आज चुकती करा. उरलेल्यांचा तपशील लेखी मागवा, त्यावर भांडायचं तेवढं भांडू. दादा दोन दिवस घुमे बसले, मग म्हणाले, "बघ तुला काय सुचतं ते." मी रविवारी त्या फर्मच्या कार्यालयात गेलो. मालक वयाने मोठे, बोलायला बरे होते. चहा झाला. आणि अर्ध्या तासात जे बाहेर आलं त्याने मीच गार पडलो.

आमच्या ई-मेलची किल्ली त्यांच्याकडेही नव्हती! आमचं मायक्रोसॉफ्टचं खातं त्यांच्या एका तंत्रज्ञाने थेट मायक्रोसॉफ्टकडून उघडलेलं, मुख्य प्रशासक म्हणून स्वतःला नेमलेलं, आणि खात्रीचा संदेश येणार तो त्याच्या कतारी मोबाईल नंबरवर. तो मुलगा वर्षभरापूर्वी नोकरी सोडून कायमचा मायदेशी गेला होता. नंबर बंद. म्हणजे धमकी देणाऱ्याच्या हातात काठी होती, पण निम्मी. अशा वादात समोरचा लबाडच असतो असं धरून चालू नका; पुष्कळदा तो फक्त अव्यवस्थित असतो. अव्यवस्थित माणसाबरोबर एका टेबलाशी बसता येतं.

डोमेन मात्र त्यांच्या खात्यात होतं आणि ते चालू होतं. सगळा उलगडा तिथूनच झाला. क्रम लक्षात ठेवा: आधी डोमेन, मग ई-मेल, मग बाकीचं. कारण ई-मेल देणारी कंपनी, मायक्रोसॉफ्ट असो की गुगल, मालकी कशावरून ओळखते? तर डोमेनच्या नोंदींवरून. ते तुम्हाला एक सांकेतिक ओळ देतात. ती डोमेनच्या डी.एन.एस. नोंदीत तुम्ही घालून दाखवलीत की मानतात, हो, हे नाव तुमच्या ताब्यात आहे. मग प्रशासकाचा पासवर्ड नव्याने मिळू शकतो. ई-मेल हाती आला की बँक, सरकारी पोर्टल, टॅली, सगळीकडचे पासवर्ड त्या ई-मेलवर नव्याने मागवता येतात. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक दारावर डोकं आपटाल.

आमच्या डोमेनच्या नोंदीत मालक म्हणून त्या फर्मचंच नाव होतं. २०१८ पासून '.कॉम'सारख्या नावांच्या मालकांचा तपशील इंटरनेटवर बहुधा झाकलेला असतो, त्यामुळे आपल्याला घरबसल्या पाहता येत नाही. त्यांच्या पडद्यावर, शेजारी बसून पाहावं लागतं. मी सी.आर.ची प्रत आणि दादांच्या सहीचं पत्र घेऊनच गेलो होतो. त्यांनी माझ्यासमोर मालकाचं नाव बदलून आमच्या कंपनीचं टाकलं आणि पुढच्या वर्षाचं नूतनीकरण केलं. ते पैसे मी तिथेच दिले. मालकाचं नाव बदलल्यावर दुसऱ्या नोंदणीदाराकडे जायला साठ दिवस अडवू शकतात, म्हणून आम्ही जागा हलवायची घाई केली नाही. त्याच नोंदणीदाराकडे आमचं खातं उघडून त्यात डोमेन घेतलं. तुमचं नाव '.क्यू.ए.'चं असेल तर त्याची नोंदवही इथल्या दूरसंचार नियामकाकडे, सी.आर.ए.कडे आहे, नियम थोडे वेगळे आहेत, तिथे विचारावं.

मुदत टळली तरी '.कॉम' लगेच दुसऱ्याला मिळत नाही, हेही सांगून ठेवतो. बहुतेक नोंदणीदार काही आठवडे नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात, त्यानंतर तीस दिवस जबर दंड भरून सोडवता येतं. पण ई-मेल त्याच्या कितीतरी आधी बंद पडतो. शिवाय ही सवलत नोंदीत ज्याचं नाव त्याला, तुम्हाला नव्हे.

मायक्रोसॉफ्टकडून ताबा मिळायला आठवडा गेला. फोनवर फोन, पुन्हा पुन्हा तेच प्रश्न. मिळाल्यावर आम्ही आधी आपले दोन प्रशासक केले, दादा आणि मी, दोघांचे मोबाईल वेगळे. मग जुना काढला. मग परक्या पत्त्यावर आपोआप पत्रं पुढे पाठवण्याचे नियम कुठे लावलेले आहेत का ते पाहिलं. दोन सापडले, त्या तंत्रज्ञाने चाचणीसाठी लावलेले असावेत. त्यानंतर बँक. टॅलीचं लायसन्सही कोणाच्या तरी वैयक्तिक ई-मेलवर होतं, ते बदलून घेतलं. टॅलीच्या डेटावर 'व्हॉल्ट'चा पासवर्ड असेल तर तो मात्र जिवंत माणसाकडूनच घ्यावा लागतो. तो हरवला तर प्रत्यक्ष टॅली कंपनीही डेटा उघडून देऊ शकत नाही. आमच्या सुदैवाने त्या फर्मच्या वहीत तो लिहिलेला होता. त्या महिन्याचा पगार वेळेवर गेला.

हे सगळं ऐकून घरी बायको म्हणाली, "हे सावकाराच्या खतांसारखंच झालं की!" ती इतिहासाची. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले ते धान्य लुटण्यापेक्षा खतं आणि हिशेबाचे कागद काढून जाळायला. त्यानंतर १८७९ मध्ये जो कायदा आला त्यात कुळाला पावती आणि वर्षाचा हिशेबाचा उतारा मागायचा हक्क मिळाला. मला तो उतारा फार आवडला. आता आम्ही नव्या आय.टी. फर्मच्या करारात तेच घातलं आहे: दर वर्षी जानेवारीत सगळ्या खात्यांची यादी, प्रत्येक खातं कोणाच्या नावावर, कोणत्या ई-मेलवर, मुदत कधी, हे सही करून द्यायचं. काम त्यांनी करावं. मुख्य प्रशासक आम्ही, ते फक्त दिलेल्या अधिकारात. जुन्या फर्मशी बिलाचा वाद पुढे तीन महिने चालला, थोडं त्यांनी सोडलं, थोडं दादांनी. आजही ईदला दोघं एकमेकांना फोन करतात.

सभेनंतर एका ताईंनी विचारलं ते इथे लिहितो. त्या घरून फराळाच्या ऑर्डरी घेतात. "माझी कुठली कंपनी, भाऊ? एक फेसबुकचं पेज आहे, तेही शेजारच्या मुलाने करून दिलंय." ताई, तुमची सगळी गिऱ्हाइकं त्या पेजवर आहेत, म्हणजे तुमचं दुकान तेच. त्या मुलाला आजच चकल्यांना बोलवा. त्याच्या मोबाईलवरून तुमच्या स्वतःच्या खात्याला पेजचा पूर्ण अधिकार द्यायला सांगा, तुमच्या मोबाईलवर तो आलाय हे उघडून बघा, आणि मग त्याचा अधिकार कमी करा. पेजशी जोडलेलं इन्स्टाग्राम कोणाच्या नंबरवर आहे तेही बघून घ्या. जूनमध्ये तो शिकायला कॅनडाला जाणार म्हणता ना, तर त्याचा इथला नंबर बंद व्हायच्या आत हे उरकायला हवं.